वेल लॉग फायलींमधून मेटाडेटा काढणे : नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शक

तेलाच्या विहिरीत उपकरण सोडून खडकांची नोंद, म्हणजे वेल लॉग, घेतली की जी फाइल हाती येते, तिचे दोन भाग असतात. पहिल्या भागात खोलीगणिक मोजलेले आकडे असतात: गॅमा किरण, विद्युत रोधकता, घनता, ध्वनीचा प्रवासकाळ इत्यादी. दुसऱ्या भागात त्या आकड्यांची ओळख असते: विहीर कोणती, नोंद कोणी आणि केव्हा घेतली, खोली कोठून मोजली, कोणता कर्व्ह (खोलीगणिक मोजलेली एक राशी) कोणत्या एककात आहे, त्या वेळी विहिरीत कोणता मड (खोदताना वापरलेला द्रव) होता. हा दुसरा भाग म्हणजे मेटाडेटा. जुन्या प्रकल्पांच्या डिस्कवर अशा हजारो फायली पडून असतात आणि त्यांतल्या कोणत्या उपयोगाच्या आहेत हे ठरवण्यासाठी आधी हा भाग एका तक्त्यात गोळा करावा लागतो.

फाइल वाचणारे सॉफ्टवेअर आज फुकट मिळते आणि ते उत्तम आहे. अडचण वेगळीच आहे. हेडरमधली (म्हणजे मेटाडेटाच्या भागातली) बरीच माहिती विहिरीवर काम करणाऱ्या माणसाने घाईत, अनेकदा आधीच्या कामाच्या फाइलवरून उचलून भरलेली असते. त्यामुळे हेडरमधले प्रत्येक मूल्य हे कोणीतरी केलेले विधान आहे असे धरून चालावे. ते जसेच्या तसे जपावे, त्याची शहानिशा करावी, आणि शहानिशेचा निकाल त्याच्या शेजारी वेगळ्या रकान्यात लिहावा. पुढचे सगळे टप्पे याच धोरणावर बेतलेले आहेत.

सुरुवात करण्यापूर्वी जवळ काय असावे

- पायथन ३ आणि या कामापुरते स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट.
- 'लासिओ' ही लायब्ररी, लास (मजकुराच्या स्वरूपातील) फायली वाचण्यासाठी.
- 'डीलिसिओ' ही लायब्ररी, डीएलआयएस आणि एलआयएस (बायनरी स्वरूपातील) फायली वाचण्यासाठी. ही इक्विनॉर या नॉर्वेच्या कंपनीने मुक्त स्रोत म्हणून प्रसिद्ध केली आहे.
- निकाल साठवण्यासाठी एसक्यूलाइटसारखा साधा डेटाबेस.
- एक टेक्स्ट एडिटर आणि एक हेक्स व्ह्यूअर (फाइलचे कच्चे बाइट्स दाखवणारे साधन). पहिल्या काही दिवसांत या दोघांचा उपयोग कोणत्याही लायब्ररीपेक्षा जास्त होतो.
- मूळ फायलींची फक्त वाचता येईल अशी प्रत. मूळ फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार तुमच्या प्रोग्रामला मुळीच असू नये.
- विहिरींची अधिकृत यादी: नाव, आधीची नावे, ओळख क्रमांक, जागेचे निर्देशांक, केली बुशिंगची (रिगच्या फरशीवरील भाग, जिथून सहसा खोली मोजतात) उंची आणि विहिरीची एकूण खोली.
- ज्या सेवा कंपन्यांच्या फायली आहेत, त्यांच्या कर्व्हच्या संक्षिप्त नावांची, म्हणजे नेमॉनिकची, यादी.

सरावासाठी स्वतःच्या कंपनीच्या फायली घेण्याऐवजी सार्वजनिक फायली घ्याव्यात. इक्विनॉरने २०१८ मध्ये उत्तर समुद्रातील व्होल्व्ह या क्षेत्राचा डेटा खुला केला. त्यात लास आणि डीएलआयएस या दोन्ही प्रकारच्या फायली आहेत. कॅन्सस जिऑलॉजिकल सर्व्हेकडूनही लास फायली मोठ्या संख्येने मिळतात. वेल लॉग बहुतेक वेळा गोपनीय असतात, म्हणून एखादी फाइल उघडत नाही म्हणून ती ऑनलाइन कन्व्हर्टरवर चढवण्याचा मोह टाळावा.

१. आधी फाइल कोणत्या प्रकारची आहे ते ओळखा

फाइलच्या नावाच्या शेवटी काय लिहिले आहे यावर विसंबू नका. फाइल उघडून तिचे पहिले काही बाइट्स वाचा.

लास हे कॅनेडियन वेल लॉगिंग सोसायटीने ठरवलेले मजकुराचे स्वरूप आहे. १९८९ मध्ये त्याची १.२ ही आवृत्ती आणि १९९२ मध्ये २.० ही आवृत्ती आली. नंतर ३.० देखील आली, पण प्रत्यक्षात आजही तुमच्या हाती येणाऱ्या बहुतेक फायली २.० च्याच असतील. लास फाइलमध्ये हॅश चिन्हाने सुरू होणाऱ्या टिपा सोडल्या, तर पहिली ओळ टिल्ड चिन्ह आणि 'व्ही' या अक्षराने सुरू होते.

डीएलआयएस हे बायनरी स्वरूप अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या 'आरपी ६६' या शिफारशीत ठरवलेले आहे. या फाइलच्या सुरुवातीला सहसा ८० बाइट्सचे एक लेबल असते आणि त्यात 'व्ही १.००' व 'रेकॉर्ड' हे शब्द साध्या डोळ्यांनी वाचता येतात. त्याहून जुने एलआयएस हे स्वरूप १९७९ चे आहे. त्याच्या फायली बऱ्याचदा डीएलआयएसच्या फोल्डरमध्ये, कधी चुकीचे एक्स्टेन्शन लावलेल्याही, सापडतात.

इथे दोन सापळे हमखास लागतात. जमिनीच्या लेसर सर्वेक्षणातून येणाऱ्या बिंदुसमूहाच्या फायलींनाही 'लास' हेच एक्स्टेन्शन असते, पण त्यांचे पहिले चार बाइट्स 'एलएएसएफ' असतात. त्या लगेच बाजूला काढाव्यात. तसेच 'टिफ' एक्स्टेन्शनची फाइल म्हणजे स्कॅन केलेल्या कागदी लॉगचे चित्र असू शकते, किंवा जुन्या चुंबकीय टेपची जशीच्या तशी उतरवलेली प्रतिमाही असू शकते. चित्राची फाइल 'आय आय' किंवा 'एम एम' या दोन अक्षरांनी सुरू होते. टेपच्या प्रतिमेत मात्र आत एलआयएस किंवा डीएलआयएस दडलेले असते, आणि ती चित्र समजून फेकून दिली तर एखाद्या विहिरीचा एकमेव मूळ लॉग हातचा जाऊ शकतो.

याच टप्प्यावर प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलच्या बाइट्सवरून निघणारा ठसा) काढून साठवा. एकच फाइल चार फोल्डरमध्ये चार नावांनी असणे ही नित्याची बाब आहे आणि चेकसममुळे त्या लगेच उघड होतात. मात्र कोणीतरी लास फाइल एडिटरमध्ये उघडून नुसती सेव्ह केली, तरी ओळींच्या शेवटची चिन्हे बदलून चेकसम बदलतो, म्हणून चेकसम वेगळा आला याचा अर्थ मजकूर वेगळा आहे असा होत नाही.

२. लायब्ररी बसवा आणि त्यांची आवृत्ती पक्की करा

दोन्ही लायब्ररी पायथनच्या 'पिप' या साधनाने एकेका आज्ञेत बसतात. बसवल्यावर त्यांचे आवृत्ती क्रमांक एका फाइलमध्ये लिहून ठेवा, कारण निरनिराळ्या आवृत्त्या बिघडलेली हेडर निरनिराळ्या प्रकारे वाचू शकतात. या टप्प्याबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

३. लास फाइलचे हेडर वाचा

लास फाइल टिल्डने सुरू होणाऱ्या विभागांत वाटलेली असते: आवृत्ती, विहीर, कर्व्ह, पॅरामीटर, इतर माहिती आणि शेवटी डेटा. मेटाडेटासाठी शेवटचा विभाग लागत नाही, म्हणून लासिओच्या 'रीड' या फंक्शनला 'इग्नोर डेटा' हा पर्याय देऊन फक्त हेडर वाचावे. हजारो फायलींच्या कामात यामुळे वेळेची मोठी बचत होते.

हेडरमधल्या प्रत्येक ओळीची रचना ठरलेली असते. आधी नेमॉनिक, मग टिंब, टिंबाला चिकटून एकक, त्यानंतर मोकळी जागा, मग मूल्य, मग कोलन आणि शेवटी वर्णन. म्हणजे विहीर विभागाची सुरुवात काहीशी अशी दिसते:

एसटीआरटी.एम   १६५२.४००० : सुरुवातीची खोली
एसटीओपी.एम   १५००.०००० : शेवटची खोली
एसटीईपी.एम   -०.१५२४ : टप्पा
एनयूएलएल.   -९९९.२५ : रिक्त मूल्य

सुरुवातीची खोली शेवटच्या खोलीपेक्षा जास्त आहे आणि टप्पा ऋण आहे, हे पाहून बिचकू नका. लॉग सहसा उपकरण तळापासून वर ओढताना घेतला जातो आणि त्या क्रमाने लिहिलेली फाइल पूर्णपणे वैध असते. टप्पा म्हणजे दोन मोजमापांतले खोलीचे अंतर आणि रिक्त मूल्य म्हणजे मोजमाप नसेल तेथे भरलेला आकडा. टप्पा शून्य लिहिला असेल, तर खोलीतील अंतर समान नाही असा त्याचा अर्थ होतो.

नियम सांगतो की ओळीतला पहिला टिंब नेमॉनिक संपवतो, टिंबानंतरची पहिली मोकळी जागा एकक संपवते आणि ओळीतला शेवटचा कोलन मूल्य संपवतो. हा नियम पाठ करून ठेवण्याजोगा आहे, कारण बिघडलेल्या बहुतेक ओळी याच तीन ठिकाणी बिघडलेल्या असतात. एककात मोकळी जागा पडली तर एककाचा अर्धा भाग मूल्यात जातो; टिंब आणि एकक यांच्यात मोकळी जागा पडली तर सगळे एककच मूल्यात जाते; वर्णनात कोणी 'वेळ १३:४५' असे लिहिले तर वर्णनाचा तुकडा मूल्याला चिकटतो. म्हणून काढलेल्या मूल्यासोबत हेडरची मूळ ओळदेखील एका रकान्यात साठवावी. जागा फारशी लागत नाही, आणि पुढे शंका आली की फाइल पुन्हा शोधत बसावे लागत नाही.

सर्वांत फसवा सापळा आवृत्तीचा आहे. १.२ आणि २.० या आवृत्त्यांमध्ये विहीर विभागातील मूल्य आणि वर्णन यांची जागा उलटी आहे. १.२ मध्ये कंपनीची ओळ अशी असते:

सीओएमपी.   कंपनी : अमुक ऑइल कंपनी

आणि २.० मध्ये अशी:

सीओएमपी.   अमुक ऑइल कंपनी : कंपनी

वर दाखवलेल्या खोलीच्या आणि रिक्त मूल्याच्या चार ओळींना ही उलटापालट लागू नाही. त्यांत मूल्य दोन्ही आवृत्त्यांत कोलनच्या आधीच असते. लासिओ हा फरक सांभाळते, पण त्यासाठी ती फाइलने स्वतः जाहीर केलेल्या आवृत्तीवर विश्वास ठेवते. आवृत्ती विभागात २.० लिहून पुढे १.२ च्या पद्धतीने ओळी लिहिणाऱ्या फायली खूप आहेत. त्या कोणताही एरर न देता वाचल्या जातात आणि तक्त्यात विहिरीचे नाव 'वेल', क्षेत्राचे नाव 'फील्ड' आणि कंपनीचे नाव 'कंपनी' असे उतरते. यावर एक साधी चाचणी पुरते: मूल्याच्या रकान्यात 'वेल', 'कंपनी', 'फील्ड', 'लोकेशन' असे शब्द एकटे आले, तर ती फाइल तपासणीच्या यादीत टाकावी आणि वर्णनाच्या रकान्यात खरे मूल्य आहे का ते पाहावे.

लासिओच्या सवयींविषयी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, आकड्यांसारख्या दिसणाऱ्या मूल्यांचे ती आकड्यांत रूपांतर करते. एपीआय आणि यूडब्ल्यूआय हे विहिरींचे ओळख क्रमांक ती मजकूर म्हणूनच राखते, पण शून्याने सुरू होणारा एखादा कामाचा क्रमांक आपले पुढचे शून्य गमावून बसतो. दोन, एकाच नावाचे दोन कर्व्ह आले तर ती त्यांच्या नावापुढे कोलन आणि अनुक्रमांक जोडते. फाइलमधले मूळ नाव 'ओरिजिनल नेमॉनिक' या गुणधर्मात मिळते आणि तेच साठवावे. तीन, न समजणारी ओळ आली की ती थांबते. 'इग्नोर हेडर एरर्स' हा पर्याय दिला की ती पुढे जाते, पण मग ज्या ओळी वगळल्या त्या फक्त इशाऱ्यांच्या नोंदीत राहतात. हा पर्याय द्यायला हरकत नाही. मात्र त्या इशाऱ्यांची नोंद न ठेवता तो देणे म्हणजे माहिती हरवल्याचे स्वतःलाच कळू न देणे होय.

अक्षरसंचाचाही प्रश्न येतो. अंशाचे चिन्ह, मायक्रोचे 'म्यू' किंवा युरोपीय नावांतली स्वरचिन्हे असलेल्या जुन्या फायली बहुधा यूटीएफ-८ मध्ये नसतात. कोणत्या एन्कोडिंगने फाइल वाचली गेली तेही तक्त्यात नोंदवावे.

४. डीएलआयएस फाइल वाचा

लासची सवय झालेल्या माणसाला डीएलआयएस सुरुवातीला अवघड वाटते, कारण तिची रचना ओळींची नसून एकमेकांकडे निर्देश करणाऱ्या ऑब्जेक्टची आहे. एका प्रत्यक्ष फाइलमध्ये अनेक तार्किक फायली असू शकतात. मुख्य पास (उपकरणाची मोजमाप घेणारी एक फेरी), पुनरावृत्तीचा पास आणि कधीकधी निराळा रनही (उपकरण विहिरीत सोडण्याची निराळी वेळ) एकाच फाइलमध्ये असतो. म्हणून 'एक फाइल म्हणजे तक्त्यातली एक ओळ' हा आराखडा पहिल्याच दिवशी सोडून द्यावा आणि तार्किक फाइल हे मोजणीचे एकक मानावे. डीलिसिओचे 'लोड' फंक्शन या तार्किक फायलींची मालिकाच परत देते. केवळ पहिली घेऊन पुढे जाणारे प्रोग्राम मी बरेच पाहिले आहेत, आणि त्यांच्या तक्त्यांत निम्मे लॉग दिसतच नाहीत.

प्रत्येक तार्किक फाइलमध्ये पुढील ऑब्जेक्ट पाहावेत.

'ओरिजिन' मध्ये विहिरीचे नाव, क्षेत्र, कंपनी, नोंद घेणाऱ्या सेवा कंपनीचे नाव, रन क्रमांक आणि निर्मितीची वेळ असते. एकाहून अधिक ओरिजिन असतील, तर पहिला हा त्या फाइलचा स्वतःचा असतो आणि बाकीचे दुसऱ्या फायलींतून आलेल्या ऑब्जेक्टचे असतात. निर्मितीच्या वेळेला लॉगिंगची तारीख समजण्याची घाई करू नये. नंतर कार्यालयात प्रक्रिया केलेल्या फाइलमध्ये ती प्रक्रियेची वेळ असू शकते.

'फ्रेम' म्हणजे एकाच अंतराने नोंदलेल्या चॅनलांचा गट. एका फाइलमध्ये निरनिराळ्या अंतरांच्या अनेक फ्रेम असणे नेहमीचेच आहे. फ्रेममधून निर्देशांकाचा (बहुधा खोलीचा) प्रकार, दिशा, अंतर आणि किमान-कमाल मर्यादा मिळतात. यातला कोणताही गुणधर्म रिकामा असू शकतो, आणि रिकामा असेल तर तो तक्त्यातही रिकामाच ठेवावा. अंदाजाने भरू नये.

इथे एककाची मोठी गंमत आहे. अनेक फायलींत खोली इंचाच्या दहाव्या भागात साठवलेली असते. अशा फाइलमध्ये कमाल खोली ९,८४,२५२ अशी दिसते आणि नवखा माणूस ती बिघडलेली समजतो. एक एकक ०.००२५४ मीटर धरून गुणाकार केला की तीच खोली २,५०० मीटर निघते. फ्रेमचे अंतर ६० असेल तर ते ६ इंच, म्हणजे ०.१५२४ मीटर होते. हे एकक फ्रेमच्या निर्देशांक चॅनलवर लिहिलेले असते, त्यामुळे मर्यादा वाचताना त्या चॅनलचे एककही त्याच वेळी वाचावे.

'चॅनल' मध्ये नाव, सविस्तर नाव, एकक आणि मिती असते. मिती एकाहून मोठी असेल तर तो चॅनल प्रत्येक खोलीवर एकाऐवजी अनेक मूल्ये देतो, जसे ध्वनीच्या लहरी किंवा विहिरीच्या भिंतीची प्रतिमा. अशा चॅनलांची नोंद वेगळी खूण करून ठेवावी, कारण डीएलआयएसवरून लास बनवताना बहुधा हेच गळालेले असतात आणि मूळ फाइल जपण्याचे ते मोठे कारण ठरते.

'पॅरामीटर' मध्ये खरा खजिना असतो: मडची घनता, बिटचा (खोदणाऱ्या टोकाचा) आकार, तळाचे तापमान, केली बुशिंगची आणि जमिनीची उंची, खोली कोठून मोजली याची नोंद. यांची नावे कंपनीगणिक बदलतात, म्हणून संक्षिप्त नावाबरोबर सविस्तर नावही साठवावे. एखाद्या पॅरामीटरला विहिरीच्या निरनिराळ्या भागांसाठी निरनिराळी मूल्ये असू शकतात आणि ते भाग 'झोन' या ऑब्जेक्टमध्ये दिलेले असतात. मूल्यांच्या यादीतून पहिले मूल्य उचलण्याची सवय इथे अंगाशी येते, कारण वरच्या भागातली मडची घनता खालच्या भागाला चिकटते. यादी असेल तर यादीच साठवावी.

एकाच नावाचे दोन चॅनल एका तार्किक फाइलमध्ये असण्यास स्वरूपाची परवानगी आहे. त्यांना वेगळे ओळखण्यासाठी ओरिजिन क्रमांक आणि प्रत क्रमांक असतात. नावाबरोबर हे दोन्ही क्रमांक तक्त्यात घेतले नाहीत, तर पुढे दोन ओळींत फरक काय ते सांगता येत नाही.

मजकूर वाचताना एन्कोडिंगचा इशारा आला, तर डीलिसिओला पर्यायी एन्कोडिंगची यादी देता येते. एलआयएससाठी त्याच लायब्ररीत स्वतंत्र मॉड्यूल आहे. त्या फायलींत मेटाडेटा कमी आणि विस्कळीत असतो, पण विहिरीवरील माहितीचे रेकॉर्ड असतील तर ते वाचता येतात. 'आरपी ६६' ची दुसरी आवृत्ती डीलिसिओ वाचत नाही.

५. निकाल उभ्या तक्त्यात साठवा

पहिला विचार असा येतो की प्रत्येक फाइलची एक ओळ करावी आणि विहिरीचे नाव, कंपनी, क्षेत्र असे रकाने करावेत. पन्नास फायलींपर्यंत हे चालते. त्यानंतर प्रत्येक नव्या फाइलमध्ये नवे नेमॉनिक येते आणि रकाने शेकड्यांनी वाढू लागतात. त्याऐवजी प्रत्येक मूल्याची एक ओळ करावी: फाइलचा चेकसम, तार्किक फाइलचा क्रमांक, विभाग किंवा ऑब्जेक्ट, मूळ नेमॉनिक, मूळ एकक, मूळ मूल्य, वर्णन, मूळ ओळ, लायब्ररीची आवृत्ती. हा तक्ता एकदा भरला की त्यात हाताने काहीही बदलायचे नाही.

दुरुस्त केलेली मूल्ये दुसऱ्या तक्त्यात जावीत आणि तेथे प्रत्येक मूल्यापुढे ते कोठून आले हे लिहिलेले असावे: हेडरमधून जसेच्या तसे, एकक बदलून, अधिकृत यादीवरून, की माणसाने पाहून ठरवले. दोन वर्षांनी कोणी विचारले की या विहिरीची केली बुशिंगची उंची ३१ मीटर कोठून आली, तर उत्तर याच रकान्यात असते.

६. ओळख, एकके, खोलीचा संदर्भ आणि तारखा जुळवा

विहिरीचे नाव ही ओळख म्हणून सर्वांत कमी विश्वासाची गोष्ट आहे. एकाच विहिरीचे नाव डॅशसह, डॅशशिवाय, रोमन अंकांत आणि अन्वेषण काळातल्या जुन्या नावानेही लिहिलेले सापडते. शक्य तेथे ओळख क्रमांकावरून जुळवणी करावी. अमेरिकेतील एपीआय क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे तीन काउंटीचे आणि पुढचे पाच विहिरीचे असतात. त्यापुढे आणखी दोन किंवा चार अंक असू शकतात आणि ते त्याच विहिरीतील निराळ्या छिद्रांसाठी व पुढील कामांसाठी वापरले जातात. त्यामुळे १० अंकी आणि १४ अंकी क्रमांकांची तुलना पहिल्या १० अंकांवरच करावी, पण साठवताना पूर्ण क्रमांक साठवावा. हे क्रमांक स्प्रेडशीटमध्ये उघडले की कॅलिफोर्नियाच्या '०४' मधले शून्य नाहीसे होते आणि मोठे क्रमांक घातांकाच्या रूपात दिसू लागतात. एकदा असे होऊन फाइल सेव्ह झाली की मूळ अंक परत मिळत नाहीत. तक्ता दुसऱ्याला देताना तो रकाना मजकूर म्हणूनच उघडावा, ही सूचना सोबत लिहून द्यावी.

कर्व्हची नावे जुळवताना घाई नको. गॅमा किरणासाठी 'जीआर' हे नाव जवळपास सगळीकडे चालते, पण रोधकतेच्या बाबतीत प्रत्येक उपकरणाची नावे वेगळी असतात आणि खोलवरचे वाचन कोणते, उथळ कोणते हे नावावरून नेहमी कळत नाही. मूळ नावाशेजारी 'गट' असा रकाना करून त्यात रोधकता, घनता, सच्छिद्रता असे ढोबळ वर्गीकरण करावे. त्याहून बारीक निर्णय पेट्रोफिजिसिस्टवर (लॉगवरून खडकांचे गुणधर्म ठरवणाऱ्या तज्ज्ञावर) सोडावा. एककांत विशेष लक्ष न्यूट्रॉन सच्छिद्रतेकडे द्यावे, कारण ती कधी दशांशात तर कधी टक्क्यांत असते, आणि ध्वनीच्या प्रवासकाळाकडे द्यावे, कारण तो प्रति फूट असतो तसा प्रति मीटरही असतो.

खोलीचा संदर्भ हा या सगळ्यात माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. लॉगमधली खोली समुद्रसपाटीपासून नव्हे, तर सहसा रिगवरील केली बुशिंगपासून किंवा ड्रिलिंगच्या फरशीपासून मोजलेली असते. वेगळ्या रिगने नंतर येऊन दुसरा रन घेतला, तर त्याचा संदर्भबिंदू वेगळ्या उंचीवर असू शकतो आणि एकाच विहिरीचे दोन लॉग काही मीटरांनी सरकलेले दिसतात. म्हणून संदर्भ कोणता, त्याची उंची किती आणि ती कशापासून मोजली, हे तिन्ही स्वतंत्रपणे काढावे. यातले एक जरी नसेल तर दुरुस्तीच्या तक्त्यात 'अपूर्ण' असे लिहावे. खोली विहिरीच्या वाटेने मोजलेली आहे की उभी सरळ खोली आहे, हेही तपासावे. कललेल्या विहिरीत या दोन्हींत शेकडो मीटरांचा फरक पडू शकतो आणि खोलीच्या रकान्याचे नाव मात्र दोन्ही प्रकारच्या फायलींत एकच असू शकते.

अक्षांश-रेखांश सापडले तर त्यांच्यासोबत भूमापनाचा आधार लिहिला आहे का ते पाहावे. अमेरिकेतील नॅड २७ आणि नॅड ८३ या आधारांमध्ये एकाच बिंदूच्या जागेत काही दशक मीटरांचा फरक पडू शकतो. तारखांबाबत एवढेच सांगतो: '०३/०४/०५' अशी तारीख आली तर ती मजकूर म्हणून तशीच ठेवावी आणि त्याच कंपनीच्या त्याच काळातील इतर फायलींत १२ हून मोठा अंक कोणत्या जागी येतो ते पाहून मगच क्रम ठरवावा.

७. हेडर डेटाशी ताडून पाहा

इथे प्रथमच डेटाचा भाग वाचावा लागतो. सगळ्या फायलींसाठी ते शक्य नसेल तर प्रत्येक सेवा कंपनीच्या आणि प्रत्येक दशकाच्या काही फायली निवडाव्यात.

वरच्या उदाहरणात १६५२.४ ते १५०० मीटर आणि टप्पा ०.१५२४ आहे, म्हणजे डेटाच्या १००१ ओळी अपेक्षित आहेत. ओळी कमी भरल्या तर फाइल अर्धवट कॉपी झाली असावी, किंवा कोणीतरी डेटा कापून हेडर तसेच ठेवले असावे. दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे टप्पा पूर्णांकित करून ०.१५ लिहिणे. डेटा ०.१५२४ च्या अंतराने असताना एखाद्या प्रोग्रामने हेडरमधला टप्पा घेऊन खोली नव्याने मोजली, तर हजार ओळींत २.४ मीटरांची चूक साचते. पातळ वाळूचा थर त्या चुकीत सहज हरवतो.

रिक्त मूल्यही तपासावे. हेडरमध्ये -९९९.२५ असते आणि डेटामध्ये -९९९९ भरलेले असते. मग घनतेची सरासरी हास्यास्पद येते. दोन ऋण संख्यांमध्ये जागा न सुटल्याने त्या एकमेकींना चिकटल्याचे किंवा दशांश टिंबाऐवजी स्वल्पविराम आल्याचेही दिसते. लासिओ यांतल्या काही गोष्टी आपोआप सांभाळते, तरी अशा फाइलवर खूण करून ठेवावी. त्याचबरोबर काढलेली कमाल खोली अधिकृत यादीतल्या विहिरीच्या एकूण खोलीपेक्षा जास्त नाही ना, ही चाचणी लावावी. ती जास्त निघाली तर बहुतेक वेळा फूट आणि मीटर यांची अदलाबदल झालेली असते, आणि तशी नसेल तर हेडर दुसऱ्याच विहिरीचे असण्याची शक्यता असते.

८. सर्व फायलींवर चालवा

आधी वेगवेगळ्या फोल्डरांतून शंभरेक फायली निवडून प्रोग्राम चालवावा आणि निकाल डोळ्यांनी वाचावा. मग पूर्ण संच घ्यावा. एक फाइल बिघडली म्हणून सगळे काम थांबू नये, म्हणून प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे हाताळावी आणि तिचा शेवट तीनपैकी एका प्रकारे नोंदवावा: पूर्ण वाचली, इशाऱ्यांसह वाचली, वाचता आली नाही. न वाचलेल्या फायलींची यादीदेखील निकालाचाच भाग असते आणि ती मागणाऱ्याला न विचारता द्यावी. त्या यादीतल्या फायली एडिटरमध्ये किंवा हेक्स व्ह्यूअरमध्ये उघडून कारणानुसार त्यांचे गट करावेत. बऱ्याच फायली एकाच कारणाने अडलेल्या असतात आणि एका दुरुस्तीने त्या सगळ्या सुटतात.

डीएलआयएस फायली मोठ्या असतात, म्हणून प्रत्येक फाइल वाचून झाल्यावर ती बंद होते आहे याची खात्री करावी. अन्यथा काही शेकडा फायलींनंतर प्रोग्राम उघड्या फायलींच्या मर्यादेला येऊन थांबतो. पुढे लायब्ररीची नवी आवृत्ती घेतली, तर जुन्या नोंदींवर नव्या नोंदी लिहू नयेत. त्याच शंभर फायलींवर दोन्ही आवृत्त्या चालवून जेथे मूल्ये बदलली तेवढ्याच ओळी वेगळ्या काढाव्यात, मूळ ओळीशी त्या ताडून पाहाव्यात आणि मगच पूर्ण संच नव्या आवृत्तीने पुन्हा वाचावा.